वांड पोर आणि गुणी यंत्र

व्रात्य मुलाचे यंत्रचित्र म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीला दोन-चार ओळींचे वर्णन देऊन तिच्याकडून काढून घेतलेले खोडकर मुलाचे चित्र. त्यासाठी कुंचला, रंग, कागद आणि मूल यांपैकी कशाचीही गरज लागत नाही. मूल लागत नाही ही या कलेतली सर्वांत मोठी सोय. खऱ्या वांड पोराला चित्रासाठी अर्धा तास एका जागी बसवता आले, तर ते वांड उरत नाही आणि चित्राचा विषयच संपतो.

या कलेच्या अभ्यासाला चौक (तालुका खालापूर, जिल्हा रायगड) हे गाव फार सोयीचे आहे. मुंबई-पुणे जुन्या रस्त्यावर पनवेल आणि खोपोली यांच्या मधे, कर्जतचा रस्ता फुटतो तिथे ते वसले आहे. वर माथेरानचा डोंगर, बाजूला नेढे असलेला इर्शाळगड आणि जवळच नवी मुंबईला पाणी पुरवणारे मोरबे धरण. व्रात्यपणाला लागणारा कच्चा माल इथे बारमाही मिळतो: चढण्याजोगी झाडे, घसरण्याजोगे बांध, दुसऱ्याच्या मालकीचे आंबे आणि जेवणानंतर डुलकी काढणारी वडीलधारी मंडळी. परंपराही जुनी आहे. 1850 च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौकला मुक्कामाला होते. ते मुक्काम सोडून डोंगरात भटकायला गेले, वन ट्री हिलच्या बाजूने वर चढले आणि माथेरानचे शोधक ठरले. हातातले काम टाकून डोंगरात शिरणाऱ्या कलेक्टराचे नाव गॅझेटियरमध्ये जाते. शाळा टाकून त्याच डोंगरात शिरणाऱ्या पोराचे नाव फळ्यावर जाते.

पूर्वपीठिका

खोडकर मुलाचे चित्र यंत्राने छापून घरोघर पोचवण्याचा उद्योग या परिसराला नवा नाही. राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि 1899 च्या सुमारास लोणावळ्याच्या पुढे मळवलीला गेला. म्हणजे चौकहून निघून बोरघाट चढला की थोड्याच अंतरावर. तिथून निघालेली देवादिकांची चित्रे देशभरच्या भिंतींवर लागली. त्यांत यशोदा-कृष्णही होते. दुसऱ्याच्या घरातले लोणी चोरणाऱ्या पोराचे चित्र देवघरात लावायचे आणि स्वतःच्या पोराने साखरेच्या डब्याला हात लावला की पाठीत धपाटा घालायचा, हा दुहेरी व्यवहार तेव्हापासून बिनतक्रार चालू आहे.

युरोपात विल्हेल्म बुश यांनी 1865 मध्ये माक्स आणि मोरित्झ ही दोन कार्टी चित्रात आणली. त्यांनी सात खोड्या केल्या. शेवटी त्यांना गिरणीत दळून बदकांना खाऊ घातले. जर्मन बालसाहित्यात शिस्तीला असलेले महत्त्व यावरून कळते. डेनिस नावाची दोन पात्रे अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये एकाच दिवशी, 12 मार्च 1951 रोजी, दोन वेगळ्या चित्रकारांकडून अवतरली. दोघा चित्रकारांना एकमेकांची कल्पना नव्हती. अमेरिकन डेनिसचे जनक हँक केचम यांच्या घरी त्याच नावाचा चार वर्षांचा मुलगा होता आणि त्याने झोपायच्या खोलीची वाट लावली होती. चित्रकाराला कल्पनाशक्ती फारशी ताणावी लागली नाही. मराठीत चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ 1991 पासून ‘सकाळ’मध्ये येऊ लागला आणि मोठी माणसे वर्तमानपत्रातल्या बातम्यांआधी एका शाळकरी पोराची हालहवाल वाचू लागली. शि. द. फडणीस यांनी तर गणिताच्या पाठ्यपुस्तकांत हसरी चित्रे घातली. गणिताच्या तासाला हसण्याची अधिकृत सोय महाराष्ट्रात त्यांनीच केली.

या सर्व चित्रांत एक गोष्ट समान होती. काढणाऱ्याने पोर पाहिलेले होते, किंवा तो स्वतः कधी तरी तसे पोर होता.

यंत्राची कार्यपद्धती

वर्णनावरून चित्र काढणारी ‘डॅल-ई’ ही प्रणाली जानेवारी 2021 मध्ये जाहीर झाली. 2022 मध्ये ‘मिडजर्नी’ आणि ‘स्टेबल डिफ्यूजन’ आल्या. मार्च 2025 मध्ये ‘चॅटजीपीटी’त चित्रनिर्मितीची नवी सोय आली आणि जपानी जिब्ली शैलीतल्या चित्रांची लाट उठली. काही दिवसांत व्हॉट्सॲपवरचे मामा, मावश्या आणि सोसायट्यांचे सेक्रेटरी मोठ्या डोळ्यांचे व निरागस दिसू लागले. मुले आधीच निरागस दिसत असल्याने त्यांच्यात फरक पडला नाही.

अशा अनेक प्रणालींचे शिक्षण असे होते. यंत्राला एक चित्र दाखवतात आणि त्यावर पायरीपायरीने ठिपके पेरत जातात. शेवटी टीव्हीचे प्रक्षेपण गेल्यावर पडद्यावर येतात तशा नुसत्या मुंग्या उरतात. मग हाच प्रवास उलट करायला यंत्राला शिकवतात. पुढे कोणी वर्णन दिले की यंत्र मुंग्यांपासून सुरुवात करते आणि वर्णनाला धरून एकेक पायरीने त्या काढून टाकत चित्र स्वच्छ करत नेते.

व्रात्य मुलाची कार्यपद्धती याच्या बरोबर उलट आहे. ते सकाळी स्वच्छ गणवेशापासून सुरुवात करते आणि संध्याकाळपर्यंत एकेक पायरीने मुंग्यांपर्यंत पोचते. पावसाळ्यात खऱ्या मुंग्यांपर्यंतही. एकाचा सारा अभ्यास डाग काढण्याचा, दुसऱ्याचा डाग पाडण्याचा. अशा यंत्राला अशा मुलाचे चित्र काढायला सांगणे म्हणजे धुणेवालीला चिखलाचे वर्णन विचारण्यासारखे आहे. ती सांगेल, पण सांगता सांगता पुसत जाईल.

दुसरी अडचण शिकवणीच्या साहित्याची. 2022 च्या ‘लायन-5बी’ या संग्रहात 585 कोटी चित्रांचे दुवे आणि त्यांच्या वर्णनाच्या ओळी होत्या. इंटरनेटवरून गोळा केलेल्या अशाच साहित्यावर ही यंत्रे वाढतात. आता इंटरनेटवर ‘खोडकर मूल’ म्हणून जी छायाचित्रे सापडतात त्यांतली पुष्कळशी जाहिरातीसाठी, दिव्यांच्या उजेडात, आईबापांच्या देखत काढलेली असतात. मुलाच्या नाकाला पीठ लावलेले असते आणि ते कोणी तरी मोजून लावलेले असते. म्हणजे यंत्राने पाहिलेली खोडी ही परवानगी घेऊन केलेली खोडी आहे. परवानगी मिळाल्यावर चौकच्या पोरांना त्या कामात काडीचा रस उरत नाही.

वर्णन लिहिण्याची रीत

नुसते ‘खोडकर मुलगा’ असे लिहिले, तर बहुधा गोरा, गालावर तांबूस ठिपके असलेला, पट्ट्यापट्ट्यांचा सदरा घातलेला आणि हातात गलोल धरलेला मुलगा येतो. केस विस्कटलेले असतात, पण शाम्पू लावून विस्कटलेले. हा वरील डेनिसच्या खानदानातला असतो. ‘मराठी’ हा शब्द जोडला की तोच मुलगा फेटा बांधून येतो. ‘रायगड जिल्ह्यातला’ असे म्हटले की मागे किल्ला उभा राहतो आणि मुलाच्या चेहऱ्यावर लग्नाच्या वरातीचे गांभीर्य चढते. ‘चौकचा’ म्हटल्याने चित्रात काहीही फरक पडत नाही. यंत्राकडून आतापर्यंत मिळालेले हे सर्वांत प्रामाणिक उत्तर होय.

मग अनुभवी माणूस तपशील वाढवतो. इर्शाळगड मागे असावा असे लिहिले की सुळका येतो, पण त्यावर बर्फ असतो. बर्फ काढायला सांगितला की सुळकाही जातो. गुन्ह्याचा उल्लेख केल्यास यंत्र हमखास खिडकीची फुटलेली काच दाखवते. चेंडूच्या आकाराचे भोक आणि भोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा. चौकला चेंडू खिडकीत क्वचित जातो. तो कौलांवर जातो. तो काढायला पोर वर चढते, दोन कौले फुटतात, पोर चेंडू घेऊन खाली उतरते आणि मेमधला तो गुन्हा जूनमध्ये, पहिल्या मोठ्या सरीला, काकूंच्या अंथरुणावर उघडकीस येतो. बोल मात्र घर शाकारणाऱ्याला लागतात. गुन्हा आणि गवगवा यांच्यामधला हा महिना कोणत्याही वर्णनात लिहिला तरी यंत्राला एका चौकटीत बसवता येत नाही.

ऋतूंनुसार चित्रे

उन्हाळ्यातला मुख्य विषय कैरी. यंत्र झाडावर पिकलेले, केशरी-लाल, सफरचंदासारखे सुटे सुटे आंबे लावते आणि पोराला त्यांतला एक हातात धरून हसायला लावते. प्रत्यक्षात पिकलेला आंबा चोरणे हे आळशीपणाचे लक्षण मानतात. तो तसाही खाली पडतो. दगड मारून पाडायची ती हिरवी, दात आंबवणारी कैरी. तिच्याबरोबर खिशात कागदाच्या पुडीतले तिखट-मीठ हवे, म्हणजे गुन्हा पूर्वनियोजित ठरतो. यंत्राच्या चित्रात पुडी नसते. शिवाय यंत्राचा बागवाला मागे कमरेवर हात ठेवून कौतुकाने पाहत असतो. चौकच्या परिसरातील कोणत्याही बागवाल्याने ही मुद्रा आजतागायत धारण केलेली नाही.

पावसाळ्यात चिंबोऱ्या. शेताच्या बांधात हात घालून काढलेली चिंबोरी जेवणाच्या डब्यातून वर्गात आणणे आणि बाईंनी फळ्याकडे तोंड केले की डब्याचे झाकण सैल करणे, ही या भागातली मान्यवर खोडी आहे. यंत्र चिंबोरी लालभडक काढते. यंत्राची गाठ बव्हंशी शिजलेल्या चिंबोरीशी पडली असावी. शिजलेली चिंबोरी वर्गात सोडून काय व्हायचे? फार तर बाई मीठ मागतील. बांधातली चिंबोरी काळपट, चिखलाच्या रंगाची असते. म्हणून तर ती बाकाखालून तिसऱ्या रांगेपर्यंत बिनबोभाट पोचते.

श्रावणात गोपाळकाला. हंडीच्या थराचे चित्र मागितल्यास थर भक्कम येतो, पण पाय मोजले तर डोक्यांच्या दुपटीपेक्षा कमी भरतात. उरलेली मुले कशाच्या आधारावर उभी आहेत, याचा खुलासा यंत्र करत नाही. गणपतीत नैवेद्याआधी मोदक पळवणाऱ्या मुलीचे चित्र मागवले, तर मोदकाला मोमोची कळा येते. मुलगी मात्र ठीक उतरते, कारण ती नुसतीच उभी असते.

थंडीत पोपटी. वालाच्या शेंगा मडक्यात भरायच्या, भांबुर्ड्याच्या पाल्याने तोंड बंद करायचे, मडके पालथे घालून भोवती जाळ करायचा. रायगड जिल्ह्यातले हे हिवाळी खाणे खाण्यापेक्षा जमवण्यात अधिक रंगते. शेंगा एकाच्या वावरातल्या, मडके दुसऱ्याच्या पडवीतले आणि जळण तिसऱ्याच्या कुंपणाचे असले, तर चव वाढते असा समज आहे. तिघांनाही शेवटी खायला बोलावतात. त्यामुळे तक्रार द्यायला कोणी उरत नाही. यंत्र या प्रसंगाच्या जागी नीटनेटकी शेकोटी काढते, भोवती ओंडक्यांवर मुले बसवते आणि त्यांच्या हातांत काठीला टोचलेला पांढरा गोड पदार्थ देते. कुंपण शाबूत असते.

गुणदोषांची तपासणी

यंत्रचित्रातली बोटे मोजण्याची चाल पूर्वी होती. सहा बोटे दिसली की चित्र यंत्राचे, असा निकाल लागे. आता यंत्रे सुधारली असल्याने ही कसोटी पुरत नाही. शिवाय कैऱ्या पाडण्याच्या कामात सहावे बोट हा दोष मानावा की गुण, याबद्दल मतभेद होऊ शकतो.

शाळेच्या पाटीवरची अक्षरे ही त्यापेक्षा बरी कसोटी. यंत्र देवनागरीला शिरोरेषा देते, काना देते, मात्रा देते आणि अर्थ तेवढा बरेचदा देत नाही. मात्र पहिलीच्या वर्गातल्या पाट्याही याच वर्णनात बसत असल्याने निकाल देताना सावध राहावे लागते.

खरी कसोटी नजरेची. यंत्राचे मूल समोर बघते. चित्र काढले जात आहे हे त्याला ठाऊक असते आणि त्याचे त्याला समाधान असते. व्रात्य मूल समोर बघत नाही. ते डावीकडे बघते, कारण उजवीकडून कोणी तरी येत असते. त्याचे गुडघे पाहावेत. खऱ्या गुडघ्यावर जुनी खपली, तिच्यावर नवी खपली आणि त्यावर आजचे खरचटणे असा क्रम दिसतो. यंत्राचे गुडघे दुकानातून आणल्यासारखे कोरे असतात. चिखलही दोन्ही गालांवर सारखा लावलेला असतो. चिखल असा कधी उडत नाही. असे कुंकू लावतात.

चौककरांना ही पारख करणे अवघड जात नाही. कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी 2005 मध्ये चौक-कर्जत रस्त्यालगत एन. डी. स्टुडिओ उभारला. ‘जोधा अकबर’ (2008) साठी आग्र्याचा किल्ला तिथेच उभा राहिला. मोगल बादशहाची राजधानी शेजारच्या शिवारात वसलेली पाहिलेल्या माणसाला वस्तू समोरून पाहण्याची सवय उरत नाही. तो आधी मागे जाऊन वासे बघतो. यंत्राच्या चित्रालाही हाच नियम लावावा. समोर हसरा चेहरा दिसतो. मागे काय आहे ते पाहावे. खोडीला तीन गोष्टी लागतात: जिचे नुकसान झाले अशी व्यक्ती, ज्याने पाहिले असा साक्षीदार आणि ‘मी नाही, यानेच केले’ हे विधान. यंत्राच्या चित्रात यांतले एकही नसते. तिथे व्रात्यपणा सगळा चेहऱ्यावर असतो. चौकला तो चेहऱ्यावर कधीच सापडत नाही. चेहरा गरीब असणे ही त्या धंद्यातली पहिली अट आहे.

उपयोग आणि पथ्ये

या चित्रांचे उपयोग आहेत. वाढदिवसाच्या शुभेच्छांना, बालवाडीच्या भिंतीला, स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेला ती शोभतात. आजीला नातवाचे यंत्रचित्र दाखवले तर ‘हा शहाणा दिसतो, आमचा नव्हे’ असे ती ताबडतोब सांगते. म्हणजे ओळख पटवण्याच्या कामीही त्यांचा उलट बाजूने उपयोग होतो.

पथ्ये थोडी, पण पाळावीत. दुसऱ्याच्या मुलाचे छायाचित्र गंमत म्हणून यंत्राला देऊ नये. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि त्याची माहिती वापरायची तर कंपनीने पालकांची संमती घ्यावी अशी तरतूद आहे. शेजारच्या काकांची संमती त्यात धरत नाहीत. स्वतःच्या मुलाचे छायाचित्र देण्यापूर्वीही त्याला एकदा विचारावे. चेहरा त्याचा आहे आणि तो त्याला पुढे पुष्कळ वर्षे वापरायचा आहे. यंत्राने काढलेल्या चित्रावरून कोणाच्याही पोराचा कान धरू नये. तसेच एखाद्या पोराने स्वतःचा कैरी न पाडतानाचा पुरावा म्हणून चित्र आणून दाखवले, तर आधी कोणाचा मोबाइल वापरला ते विचारावे.

राहता राहिला कलेचा प्रश्न. यंत्राला खोडकर मुलाचे चित्र काढता येते, पण चित्र काढण्याची खोडी करता येत नाही. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण लहानपणी घराच्या जमिनी, भिंती आणि दारे चितारून ठेवत. गोव्याचे मारिओ मिरांडाही भिंती रंगवत. शेवटी त्यांच्या आईने त्यांना एक कोरी वही आणून दिली आणि भारताला मारिओ मिळाला. यंत्रापुढे न सांगता रंगवण्याजोगी भिंत नसते आणि मागून ओरडणारी आई नसते, म्हणून त्याची व्रात्य पोरे गुणीच निघतात. तेव्हा ज्यांना व्रात्य पोराचे अस्सल चित्र हवे असेल, त्यांनी वर्णने लिहीत बसू नये. घरात पोर असेल तर त्याच्या हाती खडू द्यावा, शेजारी एक कोरी वही ठेवावी आणि चुन्याचा डबा तयार ठेवावा.